आमचे पटवारी मामा: मेलेल्याच्या नावावर वावर ठेवू न देणारा माणूस

धुरेकरी

मामा मागच्या महिन्यात गेले. पंचाहत्तरी ओलांडली होती, अंथरुणावर फार दिवस काढावे लागले नाहीत. पेपरात चार ओळींची बातमी आली, 'सेवानिवृत्त तलाठी यांचे निधन'. गावात त्यांना तलाठी कोणी म्हटलंच नाही, आमच्याकडे पटवारीच. २०२४ मध्ये सरकारनं या पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी केलं. ते सांगितलं तेव्हा म्हणाले, "नाव लांबलं, बस्ता तेवढाच राह्यते." बस्ता म्हणजे फडक्यात बांधलेलं दप्तर.

पटवारी म्हटलं की लोकांच्या तोंडी काय येतं ते मला ठाऊक आहे. प्रतिसादात येईलच, येऊ द्या. मला फक्त त्यांचं एक काम लिहून ठेवायचं आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यात त्यांचा साझा होता, म्हणजे कामाचा हलका, चार गावांचा. सगळी कोरडवाहू जमीन. पऱ्हाटी म्हणजे कापूस, तूर, जवारी. सोयाबीन मागाहून आलं. गावात कोणी वारलं की मामा तेरवी होईस्तोवर थांबत. मग एक-दोन दिवसांत त्यांची सायकल त्या घराच्या ओट्याला टेकलेली दिसायची. हळहळ झाली, चहा झाला की बस्ता सोडून कोरा कागद काढत. "आता सांगा, मागं कोण कोण हाय?"

पोरांची नावं धडाधड येत. बायकोचं जरा थांबून. पोरींची मात्र विचारल्याबिगर येत नसत. "त्या आपापल्या घरी हायेत ना बाप्पा," असं उत्तर. मामा म्हणत, "घरी हायेत म्हंजे जित्या हायेत ना? मंग सांग नाव."

मृत्युपत्र न करता माणूस गेला तर त्याच्या हिश्श्यात बायको, आई, मुलगे आणि मुली सारखे वारस, हे हिंदू उत्तराधिकार कायद्यात १९५६ पासून आहे. पण गावात तेव्हा दोन पळवाटा जोरात चालत. एक म्हणजे थोरल्या भावाचं एकट्याचं नाव लावायचं आणि पुढं 'ए.कु.मॅ.' लिहायचं, एकत्र कुटुंब मॅनेजर. पुढं तो थोरला मेला की त्याची पोरं म्हणणार, वावर आमच्या बापाचं. दुसरी जास्त चलाख. बाईचं नाव लावायचं, पण भोगवटदाराच्या रकान्यात नाही, 'इतर अधिकारा'त. म्हणजे नाव लागलं म्हणून ती खूश, आणि मालक मात्र भाऊच. मामा या दोन्हींच्या आड येत. नाव भोगवटदारातच लिहीत आणि ज्याचं लिहिलं त्याला वाचून दाखवत.

पुष्कळ घरांत भांडण नसे, नुसता आळस. आजा मरून वीस वर्षं झाली तरी सातबारा आज्याच्याच नावावर. अशांना मामांचं ठरलेलं वाक्य होतं: "मेलेल्या मानसाच्या नावानं वावर ठेवू नका. बँक भुताले कर्ज देत नाही."

आता आमच्या घरचं सांगतो, कारण खरी परीक्षा तिथंच झाली. आमचे आजोबा गेले, म्हणजे मामांचे वडील. ते गाव मामांच्या साझ्यात नव्हतं, त्यामुळे मामा तिथं अर्ज देणारे वारस. वावर धाकटे मामा कसत. सगळ्यांनी गृहीत धरलेलं की नावं दोघा भावांची लागणार. आई म्हणाली, "मले काही नको, भावाचं वावर भावाले." मामा म्हणाले, "नको असन तं मागून सोडजो, रजिस्टरी करून सोडजो. पहिले नाव लागू दे. जे हाती आलंच नाही ते कोणी सोडते काय?"

नाव लागलं. आजीचं, दोन भावांचं आणि आईचं. धाकटे मामा फुगले. दोन दिवाळ्या आईला माहेरचं बोलावणं आलं नाही. थोरले मामा दोन्ही वेळा स्वतः आमच्याकडे आले, भाऊबीज करून गेले, विषय काढला नाही. आईनं हक्कही सोडला नाही आणि हिस्साही मागितला नाही.

मग एका उन्हाळ्यात धाकट्या मामांना सोसायटीचं पीककर्ज काढायचं होतं. खातं सामायिक, म्हणजे सगळ्या हिस्सेदारांची संमती पाहिजे. धाकटे मामा स्वतः बंडी जुंपून आईला न्यायला आले. तोंडानं "चाल" एवढंच म्हणाले. मीही बंडीत होतो. सोसायटीत आईनं पदर सावरून, एकेक अक्षर कोरत सही केली. गटसचिवानं टिपकागद दाबला. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "सही झाली, आता मले आलुबोंडा खाऊ घाल." धाकट्या मामांना हसू आवरलं नाही. तिथून आमचं जाणं-येणं सुरू झालं ते आजतागायत आहे.

तुमच्याकडे असा कोणी सरकारी माणूस होऊन गेला असेल तर लिहा.

---

सरकी

भावपूर्ण श्रद्धांजली. धुरेकरी, छान लिहिलंत. ए.कु.मॅ. म्हणजे काय ते मला आज कळलं. आमच्या जुन्या उताऱ्यावर मोठ्या काकांच्या नावापुढे ते होतं, मी लहानपणी काकांची डिग्री समजत होते!

मामांच्या काळातच लक्ष्मीमुक्ती झाली ना? शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतरची गोष्ट. नवऱ्यानं आपल्या हयातीत राजीखुशीनं जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा. एखाद्या गावात शंभर बायकांच्या नावावर जमीन झाली की ते लक्ष्मीमुक्ती गाव, आणि तिथं जोशी स्वतः सभेला यायचे. माझ्या आईच्या नावावर दोन एकर झालं ते असंच. वडील सभेतून आले ते ठरवूनच. आईनं त्या वर्षी पऱ्हाटीत कोपऱ्यात स्वतःच्या मर्जीनं मिरची लावली होती, कोणाला न विचारता.

---

अकोटचा_गणू

मृतात्म्यास शांती लाभो. बाकी राग मानू नका, पण हे वाचून मला हसावं की रडावं कळेना. आमच्या बापानं एका फेरफारासाठी, म्हणजे सातबाऱ्यावरच्या बदलाच्या नोंदीसाठी, पावसाळाभर चकरा मारल्या. साहेब कधी तालुक्याला मीटिंगला, कधी मोक्यावर, कधी 'सर्व्हर डाऊन'. शेवटी पानठेल्यावरच्या एका माणसानं सांगितलं, काय द्यायचं आणि कोणाजवळ द्यायचं. दिलं. आठ दिवसांत नोंद मंजूर. धुरेकरी, तुमचे मामा खरे असतील, पण ते अपवाद. अपवादाचे गुणगान गायले की बाकीच्यांचं फावते.

---

धुरेकरी

गणूभाऊ, राग कसला. अपवाद होते म्हणूनच धागा काढला. पण गुणगान म्हणाल तर एक सांगतो. मामांनी कोणावर उपकार केले असं मी कुठं म्हटलं? वारस नोंद करणं हे पटवाऱ्याचं रोजचं काम. ते त्यांनी वेळेवर केलं, एवढंच. वेळेवर केलेल्या कामाची लोक इतकी वर्षं आठवण ठेवतात, यात बाकीच्यांची जी इज्जत जायची ती जातेच आहे.

---

निवृत्त_बाबू

सहसा मी नुसता वाचतो, इथं राहवलं नाही. त्या भागातल्या तहसीलमध्ये मी काही वर्षं कारकून होतो. धुरेकरी, तुमचे मामा कोण ते मी ओळखलं. नाव लिहीत नाही.

ते चांगले होतेच, पण त्यांच्याबरोबर काम करणं सोपं नव्हतं. हेकट माणूस. जुलैअखेर महसुली वर्ष संपतं, जमाबंदीची घाई असते, वसुलीचे आकडे वर पाठवायचे असतात. तेव्हा हे गृहस्थ एखादी तक्रारी नोंद घेऊन येणार आणि मंडळ अधिकाऱ्याशी वाद घालत बसणार. सहकारी त्यांना मागून 'वारसवाला' म्हणत.

पटवारी अशा नोंदी का टाळतात ते गणूभाऊंसाठी सांगतो. फेरफार लिहिला की नोटीस काढावी लागते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. कोणी हरकत घेतली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, काम संपलं. बहिणीचं नाव टाकलं की भाऊ हरकत घेणार. मग ती तक्रारी नोंद, सुनावणी, पुढं अपील, आणि पटवाऱ्याविरुद्ध 'पैसे खाल्ले' म्हणून अर्ज. बहिणीचं नाव गाळलं की सगळं शांत, कारण बहिणीला कळतच नाही. म्हणजे कायद्यानं वागणाऱ्याचं काम वाढतं आणि चुकणाऱ्याचं दप्तर स्वच्छ दिसतं. लाच हा एक भाग झाला, पण हे त्याहून खोल आहे.

आता एक जुनी गोष्ट. २००६ मध्ये आत्महत्याग्रस्त कुटुंबांना एक लाखाची मदत सुरू झाली. त्याच वर्षी पंतप्रधान विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांचं पॅकेज जाहीर झालं. मदतीसाठी प्रकरण 'पात्र' ठरावं लागे. बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज कागदावर दिसलं पाहिजे. तुमच्या मामांच्या साझ्यात एक तरुण कास्तकार गेला. जमीन आज्याच्या नावावर, आजा मरून जमाना झाला. नोंद नाही म्हणून बँकेचं कर्ज नाही, म्हणून हातउसनं. हातउसन्याचा कागद कुठला? मामांनी अहवालात होतं ते सगळं लिहिलं. कोणाकडून किती घेतले म्हणून शेजारी सांगतात, तेही लिहिलं. प्रकरण अपात्रच झालं.

तो साझा त्यांच्याकडे नुकताच आला होता, आधीच्यांचं काम राहिलेलं. तरी ते माझ्या टेबलासमोर बसून म्हणाले, "बाबूजी, ह्याच्या आज्याची नोंद येळेवर झाली असती तं हा पोरगा सोसायटीत गेला असता." त्यानंतर निवृत्त होईस्तोवर त्या साझ्यात त्यांनी मयत खातेदारांची यादीच केली. गावनिहाय, गटनंबरासकट. ती कोणी मागितली नव्हती. यादी चावडीवर वाचून दाखवत, कोतवालाला घरोघर धाडत. त्या विधवेचं आणि तिच्या दोन लेकरांचं नाव सर्वात आधी लागलं.

---

सरकी

बाबूजी, हे वाचून सुन्न झाले.

आणि यादी वाचून दाखवायची म्हणजे तेच ना, जे आता 'जिवंत सातबारा' म्हणून चाललं?

---

निवृत्त_बाबू

तेच. २०२५ च्या मार्चमध्ये बुलडाणा जिल्ह्यातल्या चिखली तालुक्यात सुरू झालं आणि १ एप्रिलपासून राज्यभर मोहीम झाली. मयत खातेदारांचं चावडीवाचन, वारसांचे अर्ज, स्थानिक चौकशी, मग फेरफार. मोहीम चांगली आहे. मोहीम काढावी लागली हे मात्र चांगलं नाही.

---

थोरली

मी त्यांची थोरली मुलगी. दादानं (धुरेकरी माझा आतेभाऊ) धाग्याची लिंक पाठवली. बाबांबद्दल परकी माणसं इतकं लिहीत आहेत हे आईला वाचून दाखवलं. बाबूजींचं 'हेकट' ऐकून ती म्हणाली, "ह्या मानसाले म्हणा, जेवाले ये."

साझ्यातले बाबा तुम्ही लिहिलेत, घरातले मी लिहिते. आम्ही तिघी बहिणी. आई पहाटे उठली की ओट्यावर दोन-तीन माणसं बसलेलीच असत. उतारा पाहिजे, चतुःसीमा पाहिजे, धुऱ्यावरून भांडण झालंय. बाबा दाढी करता करता ऐकायचे. आई सगळ्यांना चहा द्यायची आणि आत येऊन म्हणायची, "पगार सरकार देते, साखर माह्या माहेरून येते." हे खोटं नव्हतं. मामाच्या गाडीतून पोतं यायचं.

बाबा चिडके होते. दप्तराला कोणी हात लावलेला खपत नसे. मी एकदा बस्त्याच्या लाल फडक्याचा बाहुलीला शालू केला, तेव्हा जो आरडाओरडा झाला तो शेजारच्यांनी ऐकला. मग संध्याकाळी तेच बाबा आईच्या जुन्या लुगड्याच्या काठाचा तुकडा कातरून आणून बाहुलीसमोर ठेवून गेले, बोलले काही नाहीत.

धाकटीच्या वेण्या तेच घालायचे. आईचा खांदा दुखायचा म्हणून सुरू झालं आणि मग धाकटीला दुसऱ्या कोणाच्या हातची वेणी चालेना. घट्ट, सरळ भांग, रिबीनीचं फूल दोन्हीकडे सारखं. गारपिटीच्या पंचनाम्याला भल्या पहाटे निघायचं असलं तर तिला झोपेतून उठवून वेण्या घालून जात. ती तशीच पुन्हा झोपे. तान्ह्या पोळ्याला आम्हा पोरींना लाकडी बैल घेऊन स्वतः न्यायचे. पोरांच्या रांगेत पोरी कशाला, असं कोणीतरी म्हणे. बाबा ऐकू न आल्यासारखं करत आणि आम्हाला रांगेत पुढं सरकवत.

रविवारी सुटी मिळाली तर वावरात पानगे. कणकेचे गोळे पळसाच्या पानात दाबून गोवऱ्यांच्या आरावर ते स्वतः भाजत, वांग्याची भाजी आईकडे. जेवण झालं की आडवे होत आणि आम्ही तिघींनी त्यांच्या पायावर नाचायचं. दिवसभर सायकल हाणून पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या असत.

सरकीताईंनी लक्ष्मीमुक्तीचं विचारलं. १९९२ मध्ये सरकारचंच परिपत्रक निघालं की नवऱ्याच्या अर्जावरून बायकोचं नाव सातबाऱ्यावर घ्यावं. आमच्या साझ्यात लोक बिचकत होते. बाबांनी आधी स्वतःच्या हिश्श्याच्या वावरात आईचं नाव लावून घेतलं, आणि पोळ्याच्या दिवशी तो उतारा घडी करून आईच्या हातात दिला. दर पोळ्याला तिला लुगडं मिळायचं. तिनं कागद उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं, "ह्याचं लुगडं होते काय?" बाबा त्याच पावली दारव्ह्याला गेले. दुकानं अर्धी बंद. मिळालं ते हिरवं, आईला हिरवं आवडत नाही. अजून कपाटात आहे, उतारा पण त्याच घडीत.

आमच्या लग्नांच्या वेळी बाबांनी जावयांना एकच अट सांगितली होती. माझ्या सासऱ्यांना वाटलं हुंड्याबद्दल काही बोलतील. हे म्हणाले, "तुमच्या घरात कोणी वारलं असन आणि नोंद राह्यली असन, तं लग्नाआधी करून घ्या." सासरे आजही हसतात. नोंद राहिलेली होतीच.

जिवंत सातबाऱ्याची बातमी आली तेव्हा बाबा पेपर घेऊन आईकडे गेले. आई म्हणाली, "तुमाले कोणी इचारलं नाही ना?" बाबा म्हणाले, "मले काऊन इचारतीन? मी काय नवीन सांगतलं?" पण तो पेपर त्यांनी रद्दीत जाऊ दिला नाही.

---

अकोटचा_गणू

ताई, माझे शब्द कडू होते, त्याचं कारण माझ्या घरचं आहे. तुमच्या बाबांना दंडवत. आमच्या साझ्यात असा माणूस एखादं वर्ष जरी मिळाला असता तर बापाच्या चकरा वाचल्या असत्या. लाचेबद्दल जे म्हटलं ते मात्र मागे घेत नाही.

---

थोरली

घेऊ नका. बाबांनीही घेऊ दिलं नसतं.

---

वर्धेचा_पुण्यात

थोडं अवांतर, पण जाणकार आहेत म्हणून विचारतो. आर्वीकडे आमची साडेसात एकर जमीन. सातबारा अजून आजोबांच्या नावावर. आजोबा १९९८ मध्ये गेले, वडील २०१९ मध्ये. दोन काका कसतात. तीन आत्या, एक वारली, तिची मुलं नागपूरला. काका म्हणतात, आत्यांची लग्नं फार जुनी आहेत, त्यांचा हक्क लागत नाही, सरळ आपली तीन नावं लावू. खरं आहे का?

---

निवृत्त_बाबू

नाही. आजोबा मृत्युपत्राशिवाय गेले असतील तर त्यांच्या हिश्श्यात आत्या १९५६ च्या कायद्यानंच वारस आहेत, लग्न कधी झालं याचा संबंध नाही. लग्नाच्या तारखेचा घोळ येतो तो जन्मानं मिळणाऱ्या वडिलोपार्जित हक्कात. महाराष्ट्राच्या १९९४ च्या दुरुस्तीत २२ जून १९९४ आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीत ती अट राहिली नाही, आणि त्या दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असण्याची गरज नाही हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं. गेलेल्या आत्याच्या जागी तिचे वारस येतील.

करायचं काय: आजोबांचा आणि वडिलांचा, दोन्ही मृत्यूचे दाखले काढा. आधी आजोबांचे वारस, मग त्यातल्या वडिलांच्या हिश्श्याला तुम्ही, आई आणि भावंडं. सगळ्या वारसांची नावं, वयं, पत्ते, नातं प्रतिज्ञापत्रात लिहा. अर्ज ई-हक्क प्रणालीतून करता येतो किंवा साझ्यावर जाऊन. एकही नाव गाळू नका. कोणाला हक्क सोडायचा असेल तर नाव लागल्यावर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं. साध्या कागदावरच्या सहीवर जाऊ नका, त्यातूनच पुढं कोर्टकज्जे होतात.

आणि अर्जाच्या आधी आत्यांना स्वतः फोन करा. नोटीस हातात पडल्यावर कळलं तर ते भांडण वाटतं.

---

वर्धेचा_पुण्यात

धन्यवाद बाबूजी. मोठ्या आत्याला रात्री फोन केला. बरीच वर्षं बोलणं नव्हतं. ती म्हणाली, "वावराचं मागून पाहू, पहिले जेवाले ये."

---

निवृत्त_बाबू

जा. जाताना आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनीचा उतारा) आणि सातबारा दोन्हीचे ताजे उतारे सोबत ठेवा. गेलेल्या आत्याच्या मुलांचे पत्तेही तिच्याकडूनच मिळतील, ते तिथंच लिहून घ्या.